सत्ताविसावं झाड

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर मुबीन शेखचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला त्याचं टेबल आणि त्यावर खोलून ठेवलेले लॅपटॉप. उजव्या हाताला त्याची बायको तहसीन लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तहसीनच्या मशीनवर विंडोज आहे, कारण तिच्याकडचं अंगठ्याचं यंत्र दुसऱ्या कशावर चालत नाही. मुबीनच्या बाजूला मात्र सगळीकडे लिनक्स. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, विंडोज टाकून द्या, कोनतीबी चालते," की तो चोरीची कॉपी टाकायला साफ नकार द्यायचा आणि वर अर्धा तास समजावत बसायचा. ज्या प्रोग्रामच्या आतलं कंपनी तुम्हाला पाहू देत नाही, तो तुमच्या घरात बसून काय करतो हे तुम्हाला कसं कळणार? निम्मी गिऱ्हाइकं ऐकून घ्यायची आणि पलीकडच्या दुकानात जायची.

मुबीन स्वभावानंच संशयी होता. फोनच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली होती. कुठलंही ॲप टाकताना तो परवानग्यांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. टॉर्चच्या ॲपला लोकांचे फोन नंबर कशाला हवेत, असं विचारायचा, आणि त्याचं विचारणं बरोबरच होतं. एका गोष्टीवर मात्र त्याचा डोळे मिटून विश्वास होता. जे खुलं आहे, ते स्वच्छ आहे. दोन वर्षांपासून तो फावल्या वेळात जगाच्या एका खुल्या नकाशात कुरखेडा तालुका भरत होता. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हता. कोणीही त्यात भर घालावी, कोणीही तो उतरवून घ्यावा. मुबीननं त्यात विहिरी, शाळा, बोअरवेल, पांदणरस्ते टाकले होते. मागच्या पावसाळ्यात एका ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तोच नकाशा पाहून एका आडबाजूच्या वस्तीवर वेळेत पोचला होता. ही हकिगत मुबीननं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती.

जानेवारीत एका सोमवारी सुनिल त्याच्याकडे टॅब्लेटची फुटलेली काच बदलायला आला. सुनिल चंद्रपूरच्या एका संस्थेत कामाला होता. ज्या गावांना जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले होते, त्यांना जंगलाचा आराखडा करायला मदत करणं हे त्याचं काम. संस्थेला बंगलोरच्या एका कंपनीनं हे टॅब्लेट दिले होते. झाडापाशी उभं राहून एक बटण दाबलं की जागा, फोटो, घेर, सगळं नोंदलं जायचं.

मुबीननं टॅब्लेट उलटासुलटा करून पाहिला. "याच्यातली माहिती जाते कुठी?"

"सर्व्हरवर."

"कोनाच्या?"

"कंपनीच्या. पन मालकी गावाचीच राह्यते. करारात लिहिलं हाये."

"तुमी वाचला करार?"

"आमच्या मॅडमनं वाचला."

मुबीन हसला. त्या हसण्यानं सुनिल जरा चिडला. "मुबीनभाऊ, तुमच्या लिनक्सवर प्रिंटर चालू कराले दोन दिवस लागते. मले उन्हाळ्याच्या आत अकरा गावं करायची हायेत. बाईच्या हातात दिलं अन् चाललं, असं पाहिजे मले. त्याच्या आतमदी काय हाये ते पाहात बसलो तं जंगलाचं काम कोन करन?"

"असंच म्हनते सारे. म्हनून तं कंपन्याईचं फावते."

"अन् तुमचं खुलंवालं बिघडलं तं फोन कोनाले लावू?"

"मले लावा."

"तुमी नसले तं?"

पलीकडून तहसीन म्हणाली, "त्याईचं काय चुकलं जी? तुमचंबी फुकटच हाये ना."

"फुकट अन् खुलं यात फरक हाये," मुबीन म्हणाला. हे वाक्य तहसीननं पूर्वी इतक्यांदा ऐकलं होतं, की तिनं पुन्हा फॉर्ममध्ये डोकं घातलं.

तिच्यासमोरच्या खुर्चीवर रंजीता मडावी बसली होती. रंजीता हिरडीटोल्याच्या ग्रामसभेची सचिव. तीस-बत्तिशीची, बारावी झालेली, बोलायला मोजकी. ठरावाच्या प्रती काढायला ती महिन्यातून एकदा इथे यायची. तिनं दोघांचंही बोलणं पूर्ण ऐकलं, कागद पिशवीत घातले आणि उठता उठता म्हणाली, "सुनिलभाऊ, तुमच्या यादीत आमचं गाव हाये. मुबीनभाऊ, तुमीबी शुक्रवारी या. गोटुलात बैठक हाये. दोघंबी बोला, आमी ऐकतो."

हिरडीटोला कुरखेड्यापासून अठरा किलोमीटर आत. गावाच्या मागे डोंगर, आणि त्या डोंगरावर कुलूची झाडं. कुलूचं खोड पांढरंशुभ्र असतं, पानं गळाली की लांबून चुना लावल्यासारखं दिसतं. त्याचा डिंक फार महाग विकला जातो, आणि तो काढायच्या हव्यासानंच हे झाड मरतं, कारण लोक कुऱ्हाडीनं साल गाभ्यापर्यंत सोलतात. आजूबाजूच्या डोंगरांवरची कुलू अशीच संपली होती. हिरडीटोल्यानं मात्र चार वर्षांपूर्वी ठराव करून डिंक काढणंच बंद केलं होतं. झाडं कुठे कुठे आहेत हे गावाला माहीत होतं, बाहेरच्या कोणाला नाही.

शुक्रवारी गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, साठेक माणसं जमली. सुनिलनं टॅब्लेट फिरवून दाखवला, बायांनी एकमेकींचे फोटो काढून पाहिले. मग मुबीन उभा राहिला आणि त्यानं आपला साधा फोन दाखवला. त्यावरचं ॲप खुलं होतं. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, त्यात चोरकप्पा ठेवायची सोयच नाही, हे त्यानं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. कंपनीच्या ॲपचं तसं नाही, असंही सांगितलं. "कोनी कंपनी काऊन देईन तुमाले फुकटात टॅब्लेट? त्याईले काय पाहिजे हे इचारा."

बुधूमामा भिंतीला टेकून बसला होता. सत्तरी ओलांडलेला, डोंगरावरचं झाडन् झाड ओळखणारा. बैठकीत तो क्वचितच बोलायचा. त्यानं विचारलं, "तुझं उघडं हाये म्हनतो. कोनाले उघडं?"

"सगळ्याईले, मामा. जगातला कोनीबी पाहू शकते."

"झाडंबी?"

"नाई नाई. प्रोग्राम उघडा. झाडं तुमचीच."

बुधूमामानं मान हलवली, पण ती होकाराची की नुसतीच, हे मुबीनला कळलं नाही.

रंजीतानं दोघांवरही पूर्ण विश्वास ठेवला नाही. तिनं सुचवलं, की मोजणी दोन्हींवर करू आणि तिसरी नोंद आपल्या वहीत ठेवू. मग तिन्ही ताडून पाहू. सगळ्यांना ते पटलं.

फेब्रुवारीत तीन दिवस मोजणी चालली. सुनिलचा टॅब्लेट घेऊन गावातल्या चार पोरी डोंगराच्या माथ्याकडून निघाल्या. मुबीन खालच्या नाल्याकडून चढला, त्याच्यासोबत रंजीता वही घेऊन, आणि वाट दाखवायला ठमाबाई. ठमाबाई पन्नाशीची, पण चढावर मुबीनच्या चौपट वेगानं चालायची. दुसऱ्या दिवशी मात्र उलटं झालं. एका घळीच्या तोंडाशी मुबीन पुढे गेला, त्याला झुडपांआड पांढुरकं खोड दिसलं, आणि दोघी पोचायच्या आत त्यानं लांबूनच कुलू म्हणून नोंद करून टाकली. सत्ताविसावं.

ठमाबाई आली आणि तिनं खोडावर नख मारलं. "मोई हाये हे. कुलू नोहे."

"दिसते तं सारखंच."

"तुले दिसते सारखं," ठमाबाई म्हणाली. "दुरून पांढरं दिसलं का कुलूच होते का?"

रंजीतानं वहीतला सत्तावीस क्रमांक खोडला. मुबीन म्हणाला की फोनातली नोंद तो नंतर काढून टाकेल. पुढची चढण खडी होती, दोन्ही हातांनी मुळं धरावी लागत होती. फोन खिशात गेला आणि ती गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली.

शेवटी हिशेब लागला तो असा: वहीत एक्केचाळीस कुलू, टॅब्लेटमध्ये एक्केचाळीस. मुबीनच्या फोनात बेचाळीस होती, पण तो आकडा त्यानं तोंडी एक्केचाळीसच सांगितला, कारण एक चुकीचं होतं हे त्याला ठाऊक होतं.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा, मार्चअखेर, ठमाबाई टोपली घेऊन पहाटे डोंगराच्या पायथ्याशी गेली होती. उजाडल्यावर तिला वर काहीतरी तांबडं दिसलं. ती चढून गेली. कुलूची साल माणूसभर उंचीपर्यंत सोललेली होती आणि खाली डिंकाचे ओघळ खरवडून नेल्याच्या खुणा होत्या. तिथून पुढचं झाडही तसंच. त्याच्या पुढचंही. दुपारपर्यंत गाव डोंगरावर होतं. एक्केचाळीसपैकी तेहतीस झाडं सोलली होती. आत घळीत, जिथे गावातलीही निम्मी माणसं कधी गेली नव्हती, तिथलंही एक झाड सुटलं नव्हतं. झाडाझाडांमधून शोधत फिरल्याची वाट कुठेच मळलेली नव्हती. आलेले लोक एका झाडापासून सरळ दुसऱ्याकडे गेले होते.

गोटुलात पुन्हा बैठक बसली. मुबीनला निरोप गेला, सुनिलही आला.

"माहीत असल्याबगर कोनी असं सरळ जाऊ शकत नाई," रंजीता म्हणाली.

"ठिकानं तीनच जागी होते," मुबीन म्हणाला. "वहीत, माझ्या फोनात अन् टॅब्लेटात. वही गावात हाये. माझा फोन माझ्या खिशात. टॅब्लेटातली माहिती बंगलोरले गेली. आता तुमीच समजा."

सुनिलचा चेहरा उतरला. "मुबीनभाऊ, पुरावा असन तं बोला."

"बंद पेटीचा पुरावा कसा द्याव? मी जानेवारीतच सांगतलं होतं."

ठमाबाई मधेच म्हणाली, "त्याईनं मोईलेबी एक घाव घातला. मंग सोडून देल्लं." पण त्या वेळी आवाज इतके चढले होते की तिचं बोलणं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मुबीननंही ते ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. तो बोलायच्या भरात होता. आजवर त्याचं ऐकून घेऊन लोक पलीकडच्या दुकानात गेले होते. आज पहिल्यांदा साठ माणसं त्याच्याकडे बघत होती.

सुनिलला गावात यायची बंदी झाली. संस्थेला तसं पत्र गेलं, आणि महिन्याभरात त्याला चंद्रपूरच्या ऑफिसात बसवण्यात आलं. टॅब्लेट ग्रामसभेनं ठेवून घेतला आणि पुरावा काढायला मुबीनच्या हाती दिला.

पण संशय एकदा सुटला की तो सुनिलपाशी थांबणारा नव्हता. वही रंजीताच्या घरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती दर महिन्याला कुरखेड्याला जाते, हेही माहीत होतं. बुधूमामाच्या पुतण्यानं नवी मोटारसायकल घेतली होती, तर तेवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. रंजीताला पाणवठ्यावर बाया मुद्दाम काही विचारत नव्हत्या, आणि ते न विचारणंच तिला लागत होतं. एप्रिलच्या मध्यावर ती दुकानात आली तेव्हा तिनं कागद काढायला दिले नाहीत. नुसतं विचारलं, "भाऊ, निघालं का काही?"

"निघन. दोन दिवस द्या."

मुबीननं टॅब्लेट आपल्या वायफायला जोडला आणि तो कधी, कुठे, किती माहिती पाठवतो याची नोंद ठेवली. पाठवत तो होताच. दर काही तासांनी बंगलोरच्या पत्त्यावर थोडंसं. पण त्या थोड्यात काय होतं, ते कुलूपबंद होतं, मुबीनला फोडता येत नव्हतं. मग त्यानं ठरवलं की तिन्ही याद्या शेजारी शेजारी मांडू, आणि चोर ज्या झाडांकडे गेले त्यांच्याशी ताडू. रंजीतानं सोललेल्या झाडांची यादी दिली होती. तिनं ती नेहमीप्रमाणे नीट केली होती. तेहतीस कुलू, आणि शेवटी एक ओळ: मोई, घळीच्या तोंडाशी, एक घाव.

मुबीन त्या ओळीवर थांबला.

डोंगरावर मोईची झाडं शेकड्यांनी होती. घाव एकाच मोईवर होता. कुलू ओळखता येणारा माणूस मोईवर कुऱ्हाड कशाला घालेल? ज्याला झाड ओळखता येत नाही आणि इथे कुलू आहे असं कोणीतरी सांगितलेलं आहे, तोच घालेल. वहीत ते झाड खोडलेलं होतं. टॅब्लेटमध्ये ते कधी नव्हतंच. ते फक्त एका जागी होतं.

त्यानं फोनातलं ॲप उघडलं आणि जिथे तो दोन वर्षांत एकदाही गेला नव्हता त्या सेटिंगच्या पानावर गेला. विहिरी टिपत फिरायचा त्या दिवसांत त्यानं स्वतःच्या हातानं एक खूण करून ठेवली होती: वायफाय मिळालं की नोंदी आपोआप खुल्या नकाशात पाठवाव्यात. मोजणी संपवून तो दुकानात आला, फोन वायफायला लागला, आणि त्याच संध्याकाळी बेचाळीस ठिकाणं जगाच्या नकाशात गेली. झाडाच्या नावासकट, शास्त्रीय नावासकट, आणि खाली टाकणाऱ्याचं नाव: मुबीन कुरखेडा. जगात कुठेही बसून कोणी कुलू कुठे आहे असं शोधलं असतं, तर हा डोंगर सापडला असता.

तहसीननं फॉर्म भरून घेणाऱ्या म्हाताऱ्याला वाटेला लावलं आणि ती मुबीनजवळ येऊन उभी राहिली. त्यानं तिला स्क्रीन दाखवली. तिला सगळं समजलं नाही, पण नाव वाचता आलं.

"त्याईले कळन का हे?"

"त्याईच्यात कोनाले पाहाताच येनार नाई."

"मंग?"

मुबीननं आधी ती बेचाळीस ठिकाणं पुसली. पुसतानाही त्याला माहीत होतं की खुल्या नकाशात जुन्या नोंदींचा इतिहास राहतो, कोणीही मागे जाऊन पाहू शकतं. ही सोय त्याला आजवर फार आवडायची. नकाशा सांभाळणाऱ्यांना त्यानं इतिहासही झाकण्याची विनंती लिहिली. पण ज्यांनी नकाशा उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो परत घेणार कोण?

"लोक रंजीताबाईचं नाव घेऊन राह्यले," तो म्हणाला.

"तं आजच जा," तहसीन म्हणाली. "दुकान मी पाह्यतो."

त्यानं रंजीताला फोन करून बैठक बोलवायला सांगितलं. कशाला, हे सांगितलं नाही. गोटुलात या वेळी पन्नासच माणसं होती, आणि ती दोन तुकड्यांत अंतर ठेवून बसली होती. मुबीननं उभं राहून सगळं सांगितलं. मोईची नोंद, दोन वर्षांपूर्वीची खूण, जगाचा नकाशा. टॅब्लेटवर आळ घेतला तो चुकीचा होता, हेही सांगितलं.

मग ठमाबाई म्हणाली, "म्हनजे मी तुले वाट दाखवली, अन् तू सगळ्या दुनियेले."

"हो."

"इकली का तू यादी?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाई. हा फोन घ्या. पाहून घ्या." मुबीननं फोन पुढे केला.

रंजीतानं तो घेतला नाही. "आमाले काय कळनार याच्यात? तुमी म्हनसान ते आमी मानाव. सुनिलभाऊच्या टॅब्लेटचंबी तसंच होतं. तुमी म्हनले बंद हाये, आमी मानलं. तुमी म्हनले हे उघडं हाये, तेबी मानलं. आमच्यासाठी दोन्ही बंदच होते."

मुबीननं फोन परत खिशात घातला.

बुधूमामा म्हणाला, "म्या तुले इचारलं होतं. झाडं कोनाले उघडी, म्हनून."

"हो मामा."

"तू काय म्हनला?"

"झाडं तुमचीच, असं म्हनलो."

"खोटं बोलला?"

"नाई. मले माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, अन् माहीत हाये असं सांगतलं," बुधूमामा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

ग्रामसभेनं दोन गोष्टी ठरवल्या. सोललेल्या झाडांना शेणमातीचा लेप लावायला मुबीननं आठ दिवस यावं. आणि सुनिलच्या संस्थेला त्यानं आपल्या दुकानाच्या कागदावर, आपल्या सहीनं, खरं काय ते लिहून द्यावं. रंजीताबद्दल ठरावात काही लिहिलं नव्हतं. पण बैठक उठताना पलीकडच्या तुकडीतल्या एका बाईनं तिला सोबत चल म्हटलं. रंजीता तिच्यासोबत गेली खरी, तिच्याकडे न बघता.

पत्र पाठवायच्या आधी मुबीननं सुनिलला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"मी माफी मागाले फोन केला," मुबीन म्हणाला.

"हं. अन् टॅब्लेट? त्यात काय निघालं?"

"काहीच कळलं नाई. काय पाठवते ते बंद हाये."

"म्हनजे तुमाले अजूनबी संशय हाये."

मुबीननं खोटं बोलायचं टाळलं. "हाये. पन तो तुमच्यावर टाकाले नको होता."

"तुमी काही बदलनार नाई," सुनिल म्हणाला. त्यात राग होता की कंटाळा, हे फोनवर कळलं नाही. त्यानं फोन ठेवला. तो हिरडीटोल्याला पुन्हा आला नाही. त्या गावांचं काम संस्थेनं दुसऱ्या मुलीकडे दिलं.

आठ दिवस मुबीन सकाळी सहाला मोटारसायकलनं निघायचा आणि ऊन चढायच्या आत डोंगरावर असायचा. बादलीत कालवलेला लेप तो हातानं झाडांना थापायचा. त्यानं नीट थापलं की नाही हे ठमाबाई झाडागणिक तपासायची आणि बऱ्याचदा पुन्हा करायला लावायची. तेहतीसपैकी किती जगतील ते पावसाळ्यानंतरच कळणार होतं. बुधूमामाच्या अंदाजानं निम्मी. झाडं सोलणारे कोण होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वनरक्षकानं दोन गावांत चौकशी केली आणि कागद पुढे पाठवला.

मे महिन्यात ग्रामसभेला आराखडा जमा करायचा होता आणि त्यासाठी नकाशा लागणारच होता. रंजीतानं ठराव मांडला, की नकाशा करायचा, पण तो गावातच राहील. ग्रामसभेकडे एक जुना लॅपटॉप होता. तिनं मुबीनलाच बोलावलं. यावर काही जण कुरकुरले. ती म्हणाली, "ज्याले चूक कुठी होते ते माहीत झालं, त्याच्याकडूनच करून घेऊ. पन सगळ्याईसमोर."

गोटुलात चटईवर लॅपटॉप ठेवला होता. मुबीननं लिनक्स टाकलं, नकाशाचा खुला प्रोग्राम टाकला, आणि मग मागचे स्क्रू काढून झाकण उघडलं. आतलं बोटभर वायफायचं कार्ड त्यानं वायरींतून सोडवलं आणि रंजीताच्या हातावर ठेवलं. "आता याच्यातून काहीच बाहेर जाऊ शकत नाई."

रंजीतानं ते कार्ड उलटसुलट पाहून ठमाबाईकडे दिलं. ठमाबाईनं ते पदराच्या टोकाला बांधलं.

"असंच म्हनले होते तुमी मागंबी," रंजीता म्हणाली. "अजून काही हाये का आत, जे तुमी इसरले असान?"

मुबीन लगेच नाही म्हणणार होता. तो थांबला. मग त्यानं सेटिंगचं पहिलं पान उघडलं, स्क्रीन सगळ्यांकडे वळवली, आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचून तिचा मराठीत अर्थ सांगितला. रंजीतानं वहीत एकचा आकडा लिहून पुढे टिंब दिलं. "पुढची," ती म्हणाली. अशी सहा पानं होती. दुपारच्या जेवणापर्यंत दोन झाली.